चार दिवस बसून राहणारा पिचर

माझ्या बोलण्याला दहानं भागायचं, असा आमच्या घरात नियम आहे. लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात नवऱ्यानं तो काढला. मी म्हटलं इंग्लंडातल्या आमच्या रीडिंग गावच्या स्टेशनवर आज हजार माणसं खोळंबली होती, की तो शंभर धरतो. मी म्हटलं हॉस्पिटलात आज वीस पेशंट माझ्या अंगावर ओरडले, की तो दोघांबद्दल सहानुभूती दाखवतो. त्यामुळे बेसबॉलची एक टीम एका सीझनमध्ये एकशे बासष्ट मॅच खेळते, असं मी सांगितलं तेव्हा त्यानं टोस्टला लोणी लावता लावता मान हलवली.

"म्हणजे सोळा. बरोबर आहे. सोळा असतील."

"अरे, एकशे बासष्ट! सहा महिन्यांत! रोज खेळतात ते."

"रोज कोण खेळतं? माणसं आहेत की यंत्रं?"

आयुष्यात एकदाच तोंडून अगदी खरा आकडा निघाला आणि त्याचीही वजाबाकी नाही, भागाकार झाला. असो. पुढचं सगळं मी भागाकार करायला न लागेल असं लिहिते आहे. जिन्यावर जे होतं त्याच्यासकट.

तर आमच्या सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते. वय चौऱ्याऐंशी, वजन ओल्या टॉवेलाइतकं. (भागा हवं तर.) फेब्रुवारीत त्या ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, चालताना धरायला झिमर आला, चार पायांचा. मी अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात हाडं बघण्यात घालवली होती, तेव्हा नवरा म्हणाला, "हे एक हाड घरी बघ." मी लवकर निवृत्ती घेतली. आईंना जिना चढता येईना, म्हणून त्यांचा पलंग खालच्या फ्रंट रूममध्ये लावला. तिथून दार उघडं ठेवलं की समोर जिना दिसतो. तेरा पायऱ्या, वर करड्या रंगाचं कार्पेट, सातवी पायरी कुरकुरते.

मार्चमध्ये मी पहिल्यांदा ऐकलं. दुपारचे तीन वाजले होते, मी किचनमध्ये वांगं भाजत होते. आईंचा आवाज आला, हळू, समजुतीचा, लहान पोराशी बोलावं तसा.

"नाही गं. अजून आहे."

मी जाऊन पाहिलं. त्या जिन्याकडे बघत होत्या.

"कोण आहे, आई?"

"कावळा," त्या म्हणाल्या. आणि कूस बदलली.

आता मी काय समजणार? बागेत कावळा आलाय आणि म्हातारीला त्याचा त्रास होतोय, इतकंच. मी पातेलं आणि लाटणं घेऊन बागेत गेले आणि असा काही आवाज केला की विंडसरच्या राजवाड्यावरचे पक्षी उडाले असतील. कावळा नव्हता. आमच्याकडे रीडिंगला आकाशात घारी असतात, भिंतीवर मॅगपाय असतात, बागेत कावळा क्वचित उतरतो. दुसऱ्या आठवड्यात परत तेच. "नाही गेला अजून. थांब." मी गार्डन सेंटरमधून प्लॅस्टिकचं घुबड आणलं आणि शेडवर बसवलं. चकाकीनं पाखरं बिचकतात म्हणून जुन्या सीडी दोऱ्याला बांधून सफरचंदाच्या झाडावर टांगल्या. शेजारच्या गोऱ्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, "सेलिब्रेशन?" मी म्हटलं, "क्रो प्रॉब्लेम." त्यांनी माझ्या झाडाकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेले.

घुबड आलं तरी कावळा काही जाईना. आई आपल्या जिन्याला सांगतच होत्या, अजून आहे, अजून आहे. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननंतर या वयात थोडा गोंधळ होतो, होईल कमी. मला गोंधळ वाटत नव्हता. गोंधळलेलं माणूस बोलताना वाट बघत नाही. आई बोलायच्या आधी थोडं थांबायच्या, पलीकडून कोणीतरी काही विचारून संपवेपर्यंत थांबतात तशा.

बेसबॉल घरात आला तो नवऱ्याच्या नोकरीमुळे. त्याची कंपनी एका अमेरिकन कंपनीनं विकत घेतली आणि मीटिंगच्या सुरुवातीला तिकडचे साहेब बेसबॉलवर बोलायला लागले. ह्यानं साहेबांशी जुळवून घ्यायला सगळ्या मॅच दिसतील असं सबस्क्रिप्शन घेतलं, दीड मॅच पाहिली, दोन्ही वेळा घोरला आणि सोडून दिली. सबस्क्रिप्शन राहिलं. एका सकाळी आईंना भजनं लावून द्यायला मी टीव्ही चालू केला तर बेसबॉलच लागला आणि आई म्हणाल्या, "राहू दे गं. हिरवं गार आहे."

तेव्हापासून आमचा नेम पडला. तिकडे रात्री झालेली मॅच आमच्याकडे सकाळी रेकॉर्डेड मिळायची. दहा वाजता फोडणीची पोळी, चहा आणि शिळी मॅच. नियम मला कळायला एप्रिल उजाडला, आईंना त्याआधीच कळले होते. त्यांना खेळाचं नवल नव्हतं, त्यांना त्या रोजचं नवल होतं.

"काल खेळले ना हे?"

"हो."

"परवाही?"

"परवाही. उद्याही आहे."

"मग सणवार? आजारपण?"

"असंच खेळतात, आई. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत. आठवड्यातून सहा दिवस तर हमखास. कधी दोन-दोन आठवडे सुट्टी नाही."

"आणि पाऊस पडला तर?"

"तर पुढे कधीतरी एकाच दिवशी दोन खेळून भरून काढतात."

आईंनी तोंडात बोट घातलं. "बाई गं. म्हणजे सासरीच आहेत की."

टीव्हीवरच्या त्या निळ्या टोपीवाल्यांची त्यांना दया यायला लागली. एक दाढीवाला जाडा रोज यायचा, रोज त्याच जागी उभा राहायचा, त्याला बघून आई म्हणायच्या, "आला बिचारा धुण्याला." पण त्यांचं लक्ष बसलं होतं एका उंच पोरावर. तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. एक दिवस त्यानं अशी मॅच काढली की समोरच्यांना चेंडू दिसेना. दुसऱ्या दिवशी आई त्याची वाट बघत बसल्या तर दुसराच कोणी टाकतोय आणि हा बाकावर बसलेला, जाकीट घालून, कोणाशी बोलत नाही, सूर्यफुलाच्या बिया चावतोय. तिसऱ्या दिवशी तसाच. चौथ्या दिवशी तसाच.

"ह्याला काढला का?"

"नाही हो. खेळाडू रोज खेळतात, पण सुरुवात करणाऱ्या पिचरला चार दिवस विश्रांती. हात दुखतो. पाचव्या दिवशी त्याची पाळी येते."

मी हे बोलले आणि ऐकलं आपण काय बोललो ते. आईंनी चहाचा कप खाली ठेवला. टीव्हीकडे बघितलं. तो बाकाच्या टोकाला बसला होता, बाकीच्यांपासून हातभर लांब.

"म्हणजे कावळा शिवलाय ह्याला," आई म्हणाल्या.

मी इतकी हसले, इतकी हसले की चहा नाकातून आला आणि पोळीचा चुरा पडद्यापर्यंत उडाला. चार दिवस बाजूला, कोणाला शिवायचं नाही, पाचव्या दिवशी न्हाऊन आत! माझ्या आजीच्या काळचा सगळा सोहळा, आणि तो पाळतोय कोण तर सहा फूट चार इंचाचा मिशीवाला अमेरिकन! माझ्या पिढीत हे राहिलं नव्हतं. लहानपणी एखादी मावशी दाराबाहेर बसली की "तिला कावळा शिवलाय" असं आम्हाला सांगत, एवढंच. आईसुद्धा हसल्या. माझ्याइतक्या नाही. थोडं हसून त्यांनी विचारलं:

"चौथ्या दिवशी उठतो का गं कधी?"

आता इथे मी गप्प बसले असते तर. पण मी आणि गप्प!

"उठतो की! मोठी मॅच असली ना, की चौथ्या काय, तिसऱ्या दिवशी उठतात! ढकलून आत जातात! कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत!"

सगळं घर माझ्या बोलण्याला दहानं भागतं. आईंनी कधी भागलं नाही. मी सांगितलं तेवढं सगळं त्या घ्यायच्या आणि ठेवायच्या.

जूनमध्ये जवळच्या स्लाव गावी मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. आईंना व्हीलचेअरमधून नेलं, कारण सारखं त्या चार भिंतींत बसून काय करणार. जेवणानंतर बायकांच्या घोळक्यात मी ती गोष्ट काढली. आणि मी गोष्ट काढते तेव्हा ती वाढतेच, तिचा स्वभावच तो. पिचरला मी वेगळं ताट दिलं, वेगळा तांब्या दिला. बाकाखाली तरट अंथरलं. मॅनेजर त्याला लांबून काठीनं भाकरी ढकलतो असं सांगितलं. पाचव्या दिवशी त्याची आई त्याला डोक्यावरून नहाण घालते आणि मग स्टेडियममध्ये राष्ट्रगीत. बायका खुर्च्यांवरून पडत होत्या. मँचेस्टरहून आलेल्या एक डॉक्टरीणबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अगं थांब, मला पेसमेकर आहे." मी वळून पाहिलं. आई व्हीलचेअरमध्ये होत्या, मांडीवर कागदी ताटली, ताटलीत अख्खा गुलाबजाम. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. हॉलच्या दाराकडे बघत होत्या, तिथे कोणी उभं असावं तशा.

त्यांचे ओठ हलले. हॉलमध्ये गलका होता, मला ऐकू आलं नाही. पण मला ते शब्द एव्हाना पाठ होते.

संध्याकाळी आम्ही घरी निघालो. मोटरवेवर गाडी लागली तेव्हा मागून आई बोलायला लागल्या. आवाज नेहमीचा, भाजी काय करायची ते सांगावं तसा.

"तरट खाली नसतं. मागच्या पडवीत असतं."

नवऱ्यानं आरशात पाहिलं.

आईंचं लग्न झालं तेव्हा माझे सासरे रेल्वेत होते. एका जंक्शनच्या गावात क्वार्टर, दोन खोल्या आणि मागे पडवी. आईंची सासू कडक. महिन्याचे चार दिवस आई पडवीत. त्यांना पहिली मुलगी झाली होती, ती तेव्हा तीन वर्षांची. लहान मुलांना आईला शिवायची मुभा असे, पण एक अट होती: अंगावरचे कपडे उतरवून जायचं. विटाळ कपड्याला लागतो, उघड्या पोराला लागत नाही. एरवी ती पोर मजेत नागडी होऊन पळत यायची आणि मांडीवर बसायची. त्या महिन्यात तिला ताप भरला. थंडीचे दिवस होते. तापातल्या मुलीला उघडी कशी करायची? म्हणून सासूनं सांगितलं, ताप उतरला की जाईल आईकडे. तोपर्यंत ती आत, दारासमोरच्या गादीवर. आई बाहेर, मध्ये उंबरा. पोरीला सांगितलं होतं, आईला कावळा शिवलाय. ती गादीवरून विचारायची, "कावळा गेला का?"

"आणि मी सांगायची," आई म्हणाल्या, "नाही गं. अजून आहे."

चौथ्या दिवशी दिवे लागायच्या सुमाराला ती गेली. पाचव्या दिवशी सकाळी आईंनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि आत आल्या तेव्हा गादी उचललेली होती.

नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. आपल्याआधी एक बहीण होती, तापानं गेली, एवढं त्याला ठाऊक होतं. त्या घरात तिचं नाव कोणी काढत नसे. तो साठ वर्षांचा माणूस दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. लॉऱ्या जात होत्या आणि प्रत्येक लॉरीबरोबर आमची गाडी हलत होती. मी, जिला कुठेही, कशावरही बोलता येतं, मी सीटबेल्टशी चाळा करत होते.

"मग तो पोरगा," आईंनी मागून विचारलं, "चौथ्या दिवशी उठेल ना? तू म्हणालीस ना, उठतात."

"उठेल," मी म्हटलं.

घरी येऊन मी शोधलं. रोज खेळणाऱ्या त्या एकशे बासष्टांत सुरुवातीचा पिचर येतो तीस-बत्तीस वेळा, पाचव्या नाहीतर सहाव्या दिवशी. चौथ्या दिवशी? पूर्वी उठत. आता सीझनमध्ये जवळजवळ कोणी उठवत नाही, हाताला जपतात. उठलाच तर ऑक्टोबरमध्ये, बाद फेरीत, सगळंच पणाला लागलेलं असलं तर. आणि त्यासाठी निळ्या टोपीवाल्यांनी आधी तिथे पोचायला हवं. जुलैमध्ये ते लागोपाठ सात हरले.

मी आईंना खरं सांगायला हवं होतं. नवरा म्हणाला, "सांगून टाक." मी म्हटलं, "तू सांग, तुझी आई आहे." त्यानं नाही सांगितलं. मग रोज सकाळी दहाला आम्ही तिघं, तो घरून काम करत असेल त्या दिवशी, त्या बाकाच्या टोकाकडे बघायचो. खेळ कोणी बघतच नव्हतं. आई बोटं धरायच्या. एक. दोन. तीन. चौथ्या दिवशी त्या पोळी खायच्या नाहीत. मॅच संपेपर्यंत झिमरच्या दांड्यावर हात, आता उठायचंच आहे असे. तो बिया चावत बसायचा. पाचव्या दिवशी तो उठायचा, सगळं स्टेडियम उभं राहायचं आणि आई म्हणायच्या, "आता काय उपयोग."

ऑगस्टमध्ये मलाही ऐकू यायला लागलं.

हे वाक्य लिहून मी दोन दिवस तसंच ठेवलं होतं. माझी ख्याती मला माहीत आहे. पण दुपारी तीनच्या सुमाराला, आई झोपलेल्या असताना, सातवी पायरी कुरकुरायची. घर जुनं आहे, लाकूड आहे, उन्हाळ्यात फुगतं, हे मी स्वतःला सांगितलं. लाकूड फुगतं तेव्हा कुठलीही पायरी वाजते. ही सातवीच वाजायची, आणि मग पुढे काही नाही. चढण्याचा आवाज नाही, उतरण्याचा नाही. कोणी तिथे येऊन थांबल्यासारखं. मी किचनमध्ये नळ जोरात सोडायची. एकदा नळ सोडला नाही. वळून जिन्याकडे पाहिलं. काही दिसलं नाही, आणि तरी मी बाहेर अंगणात जाऊन दोरीवरचे वाळलेले कपडे परत एकदा झटकले, सगळे, मोजेसुद्धा. शेडवर घुबड होतं. मला त्याचा इतका राग आला की ते उचलून कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निळ्या टोपीवाले पडत-झडत बाद फेरीत पोचले. मी नवससुद्धा बोलले होते, कोणाला ते सांगत नाही.

पाचांपैकी तीन जिंकायच्या अशी फेरी होती. शनिवारी पहिली हरले. आमच्या पोरानं रविवारची मॅच टाकली आणि जिंकून दिली. मंगळवारी हरले, बुधवारी हरायचे ते कसेबसे वाचले. दोन-दोन झालं. गुरुवारी शेवटची मॅच. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चौथा दिवस.

ती मॅच तिकडे दुपारी होती, म्हणजे आमच्याकडे संध्याकाळी सहाला. शिळी नाही, ताजी. नवरा लवकरच्या ट्रेननं घरी आला. बाहेर अंधारायला लागलं होतं. मी देवापाशी दिवा लावला आणि फ्रंट रूममधला मोठा दिवा लावायला गेले तर आई म्हणाल्या, "नको. एवढा पुरे." टीव्हीच्या हिरव्या उजेडात आम्ही बसलो. तो बाकावर नव्हता. मग कॅमेऱ्यानं मैदानाच्या कडेला जाळीमागची जागा दाखवली, राखीव पिचर बसतात ती. तिथे तो होता, जाकीट घालून, बसलेलाच.

आमची टीम एका रननं पुढे होती. दीड तास गेला, दोन तास गेले. नवांपैकी सातव्या डावात आमच्या त्या दिवसाच्या पिचरनं समोरच्या पहिल्याच दोघांना पळू दिलं, दोघंही रनच्या वाटेवर उभे.

"उठला," आई म्हणाल्या.

मला दिसलं नव्हतं. कॅमेरा दुसरीकडेच होता, मागे कुठेतरी कोपऱ्यात, अंगठ्याएवढा, जाळीमागे एक उंच आकार जाकीट काढत होता. मग सगळ्यांनाच दिसला. त्यानं चार-सहा चेंडू टाकून पाहिले. मॅनेजर मैदानात गेला, आधीच्याच्या हातातून चेंडू घेतला आणि जाळीकडे हात केला. दार उघडलं. तो धावला नाही. चालत आला, एवढं लांब मैदान एकटा, खाली बघत, आणि चुन्याच्या पांढऱ्या रेषेपाशी आल्यावर तिच्यावरून लांब पाय टाकून आत गेला.

आईंनी माझं मनगट धरलं. ओल्या टॉवेलाच्या वजनाच्या बाईच्या हातात इतकी ताकद कुठून आली ते मला सांगता येणार नाही.

चौथ्या दिवसाचा हात होता तो. पहिला चेंडू भलतीकडे गेला. दुसराही. कॉमेंट्रीवाला म्हणाला, थकलेला दिसतोय. तिसरा चेंडू मधोमध गेला आणि समोरच्यानं तो असा मारला की तो प्रेक्षकांत, वरच्या मजल्यावर, कोणाच्या तरी बिअरमध्ये पडला. तीन रन. ते अंतर पुढे भरून निघालंच नाही; तिथेच मॅच गेली, सीझन गेला. एकशे बासष्ट आणि वरच्या पाच, सगळं त्या एका चेंडूवर. कॅमेऱ्यानं पोराचा चेहरा दाखवला. तो बाहेर जायला तयार नव्हता, चेंडू मागत हात पुढे करून उभा होता.

नवरा म्हणाला, "अरेरे. उठला नसता तर बरं."

"गप रे," आई म्हणाल्या. "गेला ना आत."

"हरले पण, आई."

"हरणारच होते. मी आत गेले असते तरी पोर जाणारच होती. घटसर्प होता, डॉक्टरनं नंतर सांगितलं." त्या टीव्हीकडेच बघत होत्या. "हातात गेली असती."

नवरा उठला आणि चहा टाकतो म्हणून किचनमध्ये गेला. केटलचा आवाज आला नाही बराच वेळ.

मी म्हटलं, "तुम्हाला जाऊ दिलं नाही, आई. तुमचा काय दोष?"

त्यांनी माझं मनगट सोडलं. बोटांचे वळ उठले होते.

"कोणी नव्हतं घरात," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी गाडीत मी सगळं सांगितलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी सासू शेजारी गेली होती, सुंठ आणायला. हे ड्यूटीवर. दार उघडं. मी तरटावरून उठले. उंबऱ्यापर्यंत गेले. पोरगी माझ्याकडे बघत होती. तिनं विचारलं, कावळा गेला का? मला म्हणता आलं असतं, गेला. कोण बघत होतं? मी म्हटलं, नाही गं, अजून आहे. आणि मागे येऊन बसले."

बाहेर कोणाची तरी गाडी वळली, तिचा उजेड जिन्यावरून वर सरकत गेला.

"का, आई?"

"काय माहीत. चार दिवस बसायचं असतं, एवढंच डोक्यात होतं. कोणी बसवत नव्हतं तरी बसले."

मी त्यांच्या पायांवरची शाल सारखी केली. मग त्याच म्हणाल्या, "तू सांगतेस ना सगळ्यांना गोष्टी. त्या पोराला ताट दिलंस, तांब्या दिलास. ही मला सांग. उंबऱ्यापासून पुढे सांग."

"पुढे म्हणजे?"

"मी आत गेले असं."

मी खुर्ची ओढून त्यांच्या पलंगाशी नेली. आयुष्यभर थापा मारल्या, पण अशी मागून कोणी कधी घेतली नव्हती. "दुपारची वेळ होती," मी सुरू केलं. "सासू सुंठ आणायला गेली होती. तुम्ही तरटावरून उठलात. उंबऱ्याशी आलात. पोरीनं विचारलं, कावळा गेला का? तुम्ही म्हणालात, गेला गं. केव्हाच गेला. आणि उंबरा ओलांडून आत गेलात. तिनं लाल फ्रॉक घातला होता…"

"फ्रॉक नव्हता. ह्यांच्या जुन्या शर्टात गुंडाळली होती. बाह्या दुमडलेल्या."

"शर्ट होता. खाकी."

"खाकी," त्या म्हणाल्या. "मग?"

"मग तुम्ही खाली बसलात. तिच्या पाठीखाली हात घातलात. पाठ चटका बसेल इतकी गरम होती. तुम्ही तिला उचललंत आणि मांडीवर घेतलंत, आणि तिनं डोकं इथे, तुमच्या गळ्यापाशी ठेवलं. सासू परत आली. दारात उभी राहून ओरडायला लागली, गल्ली गोळा झाली, अख्खं जंक्शन गोळा झालं, मुंबईची गाडी थांबली, इंजिनवाला खाली उतरून बघायला लागला. तुम्ही हलला नाहीत. कोणाला घाबरला नाहीत. सासूला सांगितलंत, जा, तुमची सुंठ तुम्हीच घ्या."

आईंच्या गळ्यातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा असावा. त्यांनी डोळे मिटले होते आणि हात मांडीवर असे धरले होते की त्यांत कोणीतरी मावेल.

"जगवू नकोस हं तिला," त्या म्हणाल्या. "तेवढं वाढवू नकोस."

"नाही जगवत," मी म्हटलं, आणि पुढे सांगायला लागले.